थायलंडचे अन्न आणि पाहुण्याची पथ्ये

थायलंडच्या सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय प्रवाशांना व्हिसाची माफी दिली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, सुमारे एकवीस लाख भारतीय त्या देशात जाऊन आले. एवढ्या मोठ्या समुदायात ज्यांना काहीच वर्ज्य नाही अशी माणसे थोडीच असणार: कोणी जन्मतः शाकाहारी, कोणी मासेमटण खाणारा परंतु गोमांसाला न शिवणारा, कोणी कंदमुळे टाळणारा जैन, कोणी हलालखेरीज घास न उचलणारा, कोणाला शेंगदाण्याने किंवा कोळंबीने जिवावर बेतण्याचे भय, तर कोणी मधुमेहाने जखडलेला. प्रश्न सर्वांचा एकच असतो, की तेथे जेवायचे कसे. उत्तरे मात्र ज्याला विचारावे त्याच्याकडून निराळी मिळतात, आणि पहिल्यानेच जाणारा माणूस त्या उत्तरांच्या गर्दीत अधिकच गोंधळतो.

या उत्तरांचे ढोबळमानाने तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष यात्रा कंपन्यांचा. पुण्यामुंबईहून निघणाऱ्या कित्येक सहलींबरोबर स्वयंपाक्यांचा ताफा जातो, किंवा पट्टायाच्या भारतीय भोजनगृहांशी आधीच बोलणी झालेली असते, आणि सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी व रात्री वरणभात मिळेल असा चोख बंदोबस्त ठेवलेला असतो. या व्यवस्थेची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु कित्येक वृद्ध, व्याधिग्रस्त आणि व्रतस्थ माणसांना केवळ तिच्यामुळेच परदेशाचे दर्शन घडले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तिचा दोष एवढाच, की ज्याला खरोखरीचे पथ्य आहे तो आणि जो नुसता धास्तावलेला आहे तो, अशा दोघांनाही ती एकाच पंक्तीत बसवते. दुसरा पक्ष उत्साही मंडळींचा. भात मुबलक, नारळाचे दूध मुबलक, भाज्या आणि फळे बारमाही, शिवाय देश बुद्धाच्या अनुयायांचा, मग शाकाहाऱ्याला अडचण ती कसली, असे ते विचारतात. हा पक्ष मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याच्या म्हणण्यातील प्रत्येक विधान खरे असून निष्कर्ष तेवढा खोटा आहे. तिसरा पक्ष काटेकोर लोकांचा: ते आपल्याला निषिद्ध असलेल्या जिनसांची यादी थाई लिपीत लिहून घेतात आणि दिसेल त्या गाडीवाल्यापुढे ती धरतात. यादीत चूक नसते. परंतु ऐन गर्दीच्या वेळी रणरणत्या चुलीवर कढई परतणाऱ्या बाईने दहाबारा कलमांचे ते फर्मान वाचून त्याची हुबेहूब अंमलबजावणी करावी, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत या तिन्हींहून थोडे वेगळे आहे. आपण काय खात नाही हे परक्या समाजाला समजावण्याच्या भानगडीत पडण्यापूर्वी, त्या समाजात आपल्यासारखे कोण जेवते याचा शोध घ्यावा. त्याच्या पंगतीला जाऊन बसावे. आणि त्याच्या व आपल्या नियमांत जो फरक उरेल तेवढ्यापुरतीच सूचना करावी. थायलंडात अशा पंगती आहेत, त्या जुन्या आहेत, आणि त्यांना गावोगावचा स्वयंपाकी ओळखतो.

परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी उत्साही पक्षाच्या भ्रमाचे निरसन करणे प्राप्त आहे. थायलंडातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक थेरवादी बौद्ध आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मांसाहारी आहेत, या दोन गोष्टींत त्यांना काही विसंगती दिसत नाही. तेथील भिक्षू पहाटे पात्र घेऊन निघतो आणि गृहस्थ जे घालील ते स्वीकारतो. निवड करणे हीच आसक्ती, असा त्यामागचा विचार. मासमांस भिक्षूंनी आजन्म वर्ज्य करावे असा आग्रह देवदत्ताने धरला असता बुद्धाने तो मान्य केला नाही, आणि जो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्षूने पाहिले नाही, ऐकले नाही व ज्याविषयी तशी शंकाही त्याला नाही, त्याचे मांस घेण्यास हरकत नाही असा निर्णय दिला, ही हकीकत विनयपिटकात आलेली आहे. मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहाराची चर्चा केली तेव्हा आपल्याकडे बराच वाद माजला होता. तात्पर्य, विहाराच्या दाराशी बसलेल्या विक्रेत्याकडचे अन्न शाकाहारी असेलच असे गृहीत धरणे म्हणजे त्या धर्माविषयीचे आपले अज्ञान त्या गरिबाच्या माथी मारणे होय.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे मांस हे मांस म्हणून पानात दिसते. थाई पाकशाळेत मात्र मीठसुद्धा बहुधा मीठ म्हणून पडत नाही, ते माशाच्या रूपाने पडते. मांदेलीच्या कुळातले लहान मासे मिठात घालून वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवले म्हणजे जो तांबूस, पारदर्शक आणि उग्र अर्क निघतो तो ‘नाम प्ला’. तो भाजीत असतो, भातात असतो, अंड्याच्या पोळीत असतो, वर आणखी मिरच्यांचे तुकडे घालून वाटीतून मेजावर येतो. नुसत्या पालेभाजीवर, उदाहरणार्थ आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात त्या भाजीवर, बहुतकरून कालवांचा दाट काळा रस ओतलेला असतो. शेवयांच्या रश्श्यात एकही तुकडा दिसत नसला तरी ते पाणी डुकराच्या हाडांवर उकळलेले असते, आणि तळणासाठी डुकराची चरबी वापरण्याचा जुना रिवाज अद्याप पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. हिरव्या वा तांबड्या करीत वांगी आणि बांबूचे कोंब तेवढे घाला असे सांगितले तरी काम भागत नाही, कारण कुलिंजन, गवती चहा, लसूण आणि मिरच्या यांच्या त्या वाटणातच ‘कापी’ नावाचा कोळंबीचा लगदा आधीपासून मिसळलेला असतो. वाटण सकाळीच तयार झालेले. दुपारी आलेल्या पाहुण्यासाठी ते उलटे कसे करणार?

कापीविषयी येथे एक गोष्ट कोकणच्या वाचकाच्या कानावर घालण्यासारखी आहे. आपला जवळा ज्या जातकुळीचा, त्याच जातकुळीच्या सूक्ष्म कोळंबीला मीठ लावून, उन्हात सुकवून आणि कुटून तो जांभळट लगदा होतो. त्यामुळे ज्याचे बालपण सुकटीच्या वासात गेले त्या मालवणी वा गोमंतकीय माणसाला थायलंड परका वाटण्याचे कारण नाही. उलट देशावरचा मटण खाणारा परंतु सुक्या मासळीला नाक मुरडणारा गृहस्थ तेथे अधिक अवघडतो.

हा सारा प्रकार प्रत्यक्ष पाहायचा असेल तर सोम तामच्या गाडीपाशी दोन मिनिटे उभे राहावे. मातीचे उभट उखळ आणि लाकडी मुसळ. विक्रेती प्रथम लसणीच्या पाकळ्या व मिरच्या चेचते. मग चवळीच्या लांब शेंगांचे तुकडे, लहान टोमॅटो, ताडगूळ, पिळलेल्या लिंबाची साल, चमचाभर नाम प्ला, मूठभर वाळलेली कोळंबी आणि भाजलेले शेंगदाणे. सरतेशेवटी कच्च्या पपईचा लांब कीस घालून ती उजव्या हाताने हलके ठोके देत जाते आणि डाव्या हातातल्या चमच्याने खालचे वर करीत राहते. नाम प्ला आणि कोळंबी नको असे सांगितले तर ती विनातक्रार वगळते, मीठ आणि लिंबू वाढवते, आणि चवीला ते काही वाईट लागत नाही. परंतु आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाने ईशान्येकडील पद्धतीचे सोम ताम मागितलेले असेल, तर त्याच उखळात ‘प्ला रा’ म्हणजे आंबवलेल्या माशाचा राखाडी रस आणि खारवलेला खेकडा नुकताच कुटला गेलेला असतो, आणि दोन गिऱ्हाइकांच्या दरम्यान उखळ धुण्याचा शिरस्ता नाही. ज्याचे पथ्य भावनेचे आहे त्याने येथे डोळे मिटावेत की पुढे जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्याचे पथ्य वैद्याने सांगितलेले आहे त्याने मात्र निश्चितपणे पुढे जावे.

आता पंगतींकडे वळू. शाकाहाऱ्याची पहिली आणि हक्काची पंगत म्हणजे ‘जे’. दक्षिण चीनमधून व्यापारासाठी व मजुरीसाठी आलेल्या लोकांनी महायान पंथाचा हा आहारनियम आपल्याबरोबर आणला, आणि आज तो थाई लोकांच्याही अंगवळणी पडला आहे. ‘जे’ पाळणारा मांस, मासे, अंडी, दूध यांना स्पर्श करत नाही. नाम प्ला आणि कालवांचा रस तर दूरच राहिले. इतकेच नव्हे, तर लसूण, कांदा व त्यांच्या कुळातील उग्रगंधी भाज्या आणि तंबाखू याही त्याला निषिद्ध आहेत. चातुर्मासात कांदालसूण सोडणाऱ्या आणि त्याआधी कांदेनवमीला त्याची कसर भरून काढणाऱ्या आपल्या मंडळींना, आपल्याइतकाच, किंबहुना आपल्याहून कडक असा हा नियम हजारो कोसांवर आयता सापडावा, ही मोठी सोय आहे. दुकान ओळखणे अवघड नाही: पिवळ्या पताकेवर तांबड्या रंगात लिहिलेली ती अक्षरे दुरून इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात, आणि हीच खूण बंद पाकिटांतील खाद्यपदार्थांवरही छापलेली असते. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याची सवय असलेल्या माणसाने तेथे हिरवा ठिपका शोधू नये, हा पिवळा-तांबडा शिक्का शोधावा. दुकानात आठदहा परातींत रस्सेभाज्या मांडलेल्या असतात. बोटाने दाखवाव्यात, भातावर घालून मिळतात.

बौद्ध पंचांगातील ‘वान फ्रा’, म्हणजे दर चांद्रमासातील अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या यांसारखे चार पवित्र दिवस, या दिवशी काही गृहस्थ एरवी मांसाहारी असूनही ‘जे’ घेतात. परंतु या आहाराचा खरा थाट चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत असतो. हा उत्सव बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्याच तिथींना येतो. २०२३ साली १५ ऑक्टोबरला आणि २०२४ साली ३ ऑक्टोबरला दोन्हींचा आरंभ एकाच दिवशी झाला. अधिक मास दोन पंचांगांत निरनिराळा पडला म्हणजे मात्र महिन्याचे अंतर पडते, जसे २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली आणि थायलंडातील उत्सव ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेला. फुकेत बेटावरील काथू हे गाव या उत्सवाचे मूळ स्थान समजतात. १८२५ च्या सुमारास तेथील कथिलाच्या खाणकामगारांपुढे प्रयोग करण्यासाठी आलेली एक चिनी नाटकमंडळी तापाने आजारी पडली, तिने हे व्रत धरले आणि मंडळी बरी झाली, अशी आख्यायिका आहे. आज फुकेतमध्ये श्वेतवस्त्रधारी भाविकांच्या मिरवणुका निघतात आणि अंगात आलेले लोक गालांतून सळया आरपार घालतात. ज्यांना रक्त पाहवत नाही त्यांनी सकाळची मिरवणूक टाळून दुपारी जेवायला जावे. बँकॉकमध्ये यावराट या चिनी वस्तीत त्या नऊ दिवसांत रस्ताच्या रस्ता पिवळा होतो आणि एरवी बदके टांगणारी दुकानेही भाज्यांचे पदार्थ विकू लागतात.

‘जे’च्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा आढावा जाहिरात होईल. पहिली मर्यादा रुचीची. सोयाबीन, गव्हाचे सत्त्व आणि अळिंबी यांपासून डुकराच्या, बदकाच्या, कोळंबीच्या मांसाची इतकी बेमालूम नक्कल केलेली असते, की पिढीजात शाकाहारी माणसाच्या घशाखाली ती उतरत नाही. आपण फसलो अशी त्याची खात्रीच पटते. नक्कल ही त्यांच्यासाठी आहे ज्यांना नऊ दिवसांनी पुन्हा खऱ्याकडे जायचे आहे, हे ध्यानात घेतले की राग राहत नाही. सोयाबीनच्या कोरड्या वड्या तर तेथे ‘प्रोतीन कसेत’ या नावाने विकल्या जातात, कारण बँकॉकच्या कसेतसात विद्यापीठातील अन्नसंशोधकांनी त्यांचा प्रसार केला. दुसरी मर्यादा जैनांपुरती: ‘जे’ मध्ये कांदालसूण नसला तरी आले, कुलिंजन, मुळा, गाजर, बटाटा यांना मुभा आहे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याने मुळे वगळण्याची निराळी सूचना करावी लागते, आणि थाई स्वयंपाकाचा पाया ज्या वाटणावर, म्हणजे कोथिंबिरीची मुळे, लसूण आणि मिरी यांवर, उभा आहे, तो पाया काढून घेतल्यावर इमारत फारशी उरत नाही. खऱ्या कडक जैनाला मी आग्रह करणार नाही. बँकॉकच्या बांग राक भागात रत्नांच्या व्यापारात असलेल्या गुजराती-मारवाडी मंडळींमुळे तेथे त्याची निर्वेध सोय होते. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची असून तिचा विचार पुढे ॲलर्जीच्या प्रकरणात येईल.

‘जे’ खेरीज शाकाहारासाठी ‘मांगसविरात’ असा दुसराही शब्द तेथे आहे, आणि आपल्या माणसाला तो ‘मांसविरती’ म्हणून चटकन लक्षात राहतो; तोच वापरण्याचा मोह त्यामुळे होतो. हा शब्द ढिला आहे. त्यात अंडे चालते, दूध चालते, कांदालसूण चालतो, आणि सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे कधीकधी नाम प्लाही चालून जातो. ज्याला अंडे चालते, लसणीशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही, परंतु मासा मुळीच नको, त्याने ‘मांगसविरात’ म्हणावे आणि लगोलग ‘माइ साइ नाम प्ला’, नाम प्ला घालू नका, हे जोडावे. या विचाराला तेथे एक सार्वजनिक इतिहासही आहे. ‘सांती असोक’ या सुधारक बौद्ध पंथाने मांसत्यागाचा आग्रह धरला, प्रस्थापित भिक्षुसंघाशी त्याचे बिनसले, आणि याच पंथाचे अनुयायी, सैन्यातील निवृत्त अधिकारी चामलाँग श्रीमुआंग १९८५ साली बँकॉकचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. दिवसातून एकदाच शाकाहार घेणारा हा गृहस्थ राजधानीचा कारभारी झाल्यामुळे, शाकाहार म्हणजे केवळ चिनी व्रत किंवा परक्यांचे खूळ नव्हे हे सामान्य थाई माणसाला प्रथमच ठळकपणे दिसले.

भाषेचा प्रश्न आला आहे, तर एक दिलासा देऊन ठेवतो. युरोपीय प्रवाशाला थाई भाषेतील कोंबडी आणि अंडे यांत फरक करता येत नाही, कारण कोंबडी ‘काइ’ आणि अंडे ‘खाइ’; सूर दोन्हींचा एकच. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद मराठी मुलाला बाराखडीबरोबरच मिळालेला असतो. एवढ्या भांडवलावर ‘मू’ म्हणजे डुक्कर, ‘नुआ’ म्हणजे गोमांस, ‘प्ला’ म्हणजे मासा, ‘कुंग’ म्हणजे कोळंबी आणि ‘थुआ’ म्हणजे शेंगदाण्यासह सर्व द्विदलवर्ग, असे पाचसात शब्द सहलीआधी पाठ करायला कोणाला जड जाऊ नये.

गोमांस टाळणाऱ्या हिंदूची वाट तुलनेने सोपी आहे. क्वान यिन या करुणामूर्ती देवतेच्या भक्तीमुळे पुष्कळ थाई आणि चिनी-थाई कुटुंबे स्वतःच गोमांस खात नाहीत, तेव्हा ‘माइ किन नुआ’ असे म्हणताच समोरच्याला ते धर्मपालन म्हणूनच कळते. एक सावधगिरी ठेवावी: ‘होडीच्या शेवया’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या काळसर रश्श्यात डुकराचे वा गाईचे रक्त घातलेले असते, आणि वर कोंबडी मागितल्याने खालचा रस्सा बदलत नाही. हलाल पाळणाऱ्याचीही पंगत तयार आहे. देशातील सुमारे पाच टक्के लोक मुसलमान असून पत्तानी, याला, नराथिवात आणि सातून हे दक्षिणेकडील प्रांत मुस्लिमबहुल आहेत. मध्यवर्ती इस्लामी परिषदेचा हलाल शिक्का देशभर चालतो, आणि चुलालाँगकॉर्न विद्यापीठात तर हलाल परीक्षणाचे स्वतंत्र विज्ञानकेंद्र आहे. मुसलमानी खाणावळीतला पिवळा ‘खाव मोक’ हा आपल्या बिर्याणीचाच दूरचा भाऊबंद. डुकराची चरबी नको असलेल्या परंतु मांसाहारी असलेल्या कोणाही हिंदूने या खाणावळींत निश्चिंतपणे जावे; गोमांस मात्र तेथे असते, हे विसरू नये.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र माझा सूर बदलतो. वर जी पंगत शोधण्याची युक्ती सांगितली ती श्रद्धेच्या पथ्याला लागू आहे. शरीराच्या पथ्याला ती पुरत नाही. ‘जे’च्या दुकानात कोळंबी नसेल, परंतु शेंगदाणा, सोया आणि गहू तेथे पावलोपावली आहेत, शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्याने पिवळी पताका पाहून निर्धास्त होणे म्हणजे स्वतः होऊन संकटाला आमंत्रण. शेंगदाणा पॅड थाईवर असतो, सोम ताममध्ये असतो, मसामान करीत असतो, सातेच्या चटणीत असतो. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला तर कापीमुळे करीचे जवळजवळ सारे दालनच बंद होते, आणि तोम यामच्या रश्श्यात मिसळलेल्या भाजक्या मिरच्यांच्या तिखटातही बहुधा वाळकी कोळंबी असते. गव्हाचे सत्त्व न सोसणाऱ्याला तांदळाच्या शेवया आणि मुगाच्या पारदर्शक शेवया चालतात. पिवळ्या ‘बा मी’ शेवया गव्हाच्या, आणि सोयाचा रस व कालवांचा रस यांतही गहू असतो. ‘ग्लुटेन’ हा शब्द रस्त्यावर कोणाला ठाऊक नसतो, ‘पेंग साली’, गव्हाचे पीठ, हे समजते. अशा माणसाने ‘मी खात नाही’ असे म्हणू नये. ‘फॅ’ म्हणजे ‘मला बाधते’ हा शब्द वापरावा, तो थाई लिपीत लिहून जवळ ठेवावा, आणि पदपथावरील एकाच कढईच्या गाड्यांपेक्षा छापील तपशील असलेले बंद अन्न किंवा मोठ्या खाणावळी पसंत कराव्यात. तिसऱ्या पक्षाची ती यादी येथे, आणि येथेच, खरी उपयोगी पडते. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन सामानात नव्हे तर खिशात असावे. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी त्या देशाचा क्रमांक १६६९ आहे.

दुधाचे वावडे असणाऱ्याने आनंद मानावा, पारंपरिक थाई स्वयंपाकात दूध जवळजवळ नाहीच. केशरी रंगाच्या गार चहात घातलेले आटीव दूध तेवढे टाळावे. मधुमेह्याला साखरेचा त्रास आहे, कारण ती भाजीतही असते आणि फळांच्या रसातही. ‘माइ वान’, गोड नको, हे सांगितल्याने ती कमी होते, नाहीशी होत नाही.

गोडाच्या प्रांतात शाकाहाऱ्याचे राज्य आहे असे समजणे पुष्कळ अंशी बरोबर. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, बांबूच्या नळीत भाजलेला ‘खाव लाम’, मुगाच्या पुरणाला फळांचे आकार देऊन वर चकाकी आणलेले ‘लूक चूप’, आणि तांदूळ-नारळाच्या पिठाचे, आप्प्यांसारख्याच खळग्यांच्या पात्रात होणारे ‘खनोम क्रोक’ हे सारे निर्धोक. सोनेरी तारांचे ‘फोय थोंग’ मात्र निव्वळ अंड्याच्या पिवळ्या बलकाचे. सतराव्या शतकात अयुथयेच्या दरबारी मारिया ग्युओमार नावाच्या बाईने पोर्तुगीज मिठाया रूढ केल्या असे मानतात, आणि तिचे वडील पोर्तुगीज गोव्याकडून आलेले होते असे सांगतात. तेव्हा या पदार्थात अंडे निघाले तर थोडा दोष गोव्याकडेही जातो. हिरव्या कैरीच्या फोडींबरोबर तिखटमीठ मिळते तसेच ‘नाम प्ला वान’ही मिळते, आणि ताडगुळात आटवलेल्या त्या गोड पाकात मासा व कोळंबी दोन्ही असतात. उपवासाच्या माणसाची तर येथे मोठीच चमत्कारिक परीक्षा होते. ज्या कसाव्यापासून साबुदाणा होतो त्याच्या निर्यातीत थायलंड जगात अग्रभागी आहे, आणि तेथे तो ‘साकू’ या नावाने मिळतो. परंतु रस्त्यावर केळीच्या पानावर मांडलेले जे मोत्यासारखे साबुदाण्याचे गोळे दिसतात, त्या ‘साकू साइ मू’च्या पोटात शेंगदाण्याचा कूट असतो खरा, पण तो डुकराच्या खिम्यात आणि लसणीत परतलेला असतो. एकादशीच्या दिवशी साबुदाणा ओळखला म्हणून हात घालण्यापूर्वी शेवटचे अक्षर ऐकावे.

शेवटी यात्रा कंपन्यांना एक विनंती. महाराज न्यावेत, पोहे द्यावेत, त्याला माझी हरकत नाही. परंतु सहलीतील एक दुपार भारतीय खाणावळीऐवजी ‘जे’च्या दुकानासाठी राखून ठेवावी, निघण्यापूर्वी प्रवाशांना वर दिलेले पाचसात शब्द छापून द्यावेत, आणि नोंदणीच्या अर्जात ‘शाकाहारी की मांसाहारी’ या एका रकान्याऐवजी वर्ज्य पदार्थ व ॲलर्जी असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. यास खर्च पडत नाही.